परसातल्या हौदातले मासे कसे वाचवायचे

२०१८ चा मे महिना, पहाटेचे साडेपाच. नळाला पाणी आलं म्हणून मी मागच्या दारी गेले, तर हौदाच्या काठावर कुणीतरी मातकट रंगाची वाळकी काटकी रोवून ठेवल्यासारखी दिसली. जरा निरखून पाहिलं. मान खांद्यांत ओढलेली, छातीवर तपकिरी रेघा, पिवळा डोळा पाण्यावर खिळलेला. मी दोन पावलं पुढे टाकली आणि त्या काटकीतून पांढरेशुभ्र पंख उघडले. ढोकरी होती, बगळ्यांच्याच कुळातली. शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसली आणि मी घरात कधी जाते याची वाट बघत राहिली.

नऊ दिवसांपूर्वी आणलेले २२ गोल्डफिश मी त्या सकाळी मोजले. पाच भरले.

आमचं घर बडोद्याच्या कारेलीबागेत, मागे पंधरा फुटांची मोकळी जागा. हौद बांधणाऱ्याने तो देखणा बांधून दिला होता: परातीसारखा पसरट, मध्यभागी जेमतेम सव्वा फूट पाणी, काठाला उतार आणि उतारावर गोल गोटे. ढोकरीला उभं राहायला याहून सोयीची जागा मिळाली नसती. पुढच्या वर्षी तो फोडून पुन्हा बांधला. तेव्हापासून पक्ष्यांनी नेलेले मासे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

बडोद्यात नव्याने हौद करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि हौद झालाय पण मासे टिकत नाहीत अशांसाठीही. माशाला पळायला आणि लपायला जागा मिळाली की निम्मं रक्षण तिथेच होतं. जाळी त्याच्या नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, आधी बाजारात जाऊन जाळी आणतात.

पहिलं काम: मासे कोण नेतंय ते शोधा

मासे कमी झाले की घरातले सगळे मांजराकडे बोट दाखवतात. पण आधी खुणा बघा.

मासा पाण्यावर मरून तरंगतो आहे आणि अंगावर जखम नाही, तर ती शिकार नव्हे, पाणी बिघडलंय. शिकार केलेला मासा कुणी तिथे टाकून जात नाही. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यातून पाण्यातलं शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढत असतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाने आ-आ करताना दिसले, तर पंप लावा आणि माशांची गर्दी कमी करा. जाळीने तिथे काही होणार नाही.

मासा खुणेशिवाय नाहीसा होतो, उरलेले दिवसभर तळाशी दबून बसतात, खायला टाकलं तरी वर येत नाहीत: हे ढोकरीचं किंवा बगळ्याचं काम. एखादा वाचलेला मासा दोन्ही अंगांना ओरखडे घेऊन फिरताना दिसतो. तो चोचीतून निसटलेला. ढोकरी पहाटे येते आणि पुन्हा संध्याकाळी. अंधार पडल्यावर घरावरून ‘क्वाक’ असा एकच घोगरा आवाज जात असेल तर तो रातबगळा. दिवसभर पहारा देऊन मासे तरी कमी होत असतील, तर मी आधी रातबगळ्याचा विचार करते.

बोटाएवढे मासेच रोज एक-दोन कमी होत असतील आणि तारेवर, नळाच्या पाइपवर, कपड्यांच्या दांडीवर पांढरी शीट पडलेली असेल, तर खंड्या. तो वरून सूर मारतो, मासा घेऊन परत त्याच बैठकीवर जातो आणि फांदीवर आपटून मग गिळतो. आपल्या परसात नेहमी दिसतो तो पांढऱ्या गळ्याचा, लाल चोचीचा. त्याचं बरंचसं पोट किडे, सरडे, बेडूक यांवर भरतं. मोठ्या माशाला त्याच्यापासून भीती नाही.

हौदाबाहेर खवले सांडलेले, अर्धा खाल्लेला मासा, काठावरची कुंडी कलंडलेली, ओल्या पंजांचे ठसे: हे मांजर. मुंगूसही असं करतं, पण क्वचित. आणि पावसाळ्यात, बाहेर काही न सांडता, मध्यम मासेसुद्धा गेले आणि हौदातले बेडूकही एकदम गप्प झाले, तर दिवड, म्हणजे पाण्यातला साप, आलेली असू शकते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

एक आठवडा खर्च न करता नुसतं बघा. पहाटे साडेपाच ते सात आणि संध्याकाळी दिवेलागणीला खिडकीतून. वही ठेवा, रोजचे मासे मोजा. घाईने काही विकत आणलं तर बहुतेक चुकीचंच आणाल.

हौदाचा आकार

आता कामाचा गाभा. कडियाला (गवंड्याला) सांगताना या तीन गोष्टी अडून बसून करून घ्या.

एक, खोली. अडीच ते तीन फूट. आमचा हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल आहे. काठोकाठ भरला तर सुमारे ३४०० लिटर मावतात. ढोकरीचे पाय आखूड. तिला उथळ पाण्यात किंवा काठावर स्थिर उभं राहूनच शिकार जमते. मासा दोन फूट खाली गेला की तिच्या चोचीच्या आवाक्याबाहेर गेला. खोल पाणी उन्हाळ्यात तळाशी थंडही राहतं.

दोन, भिंती सरळ उभ्या. उतार नको, पायरी नको, काठाजवळ उथळ कप्पा नको. कुमुदिनीची कुंडी ठेवायला आत ओटा हवाच असेल तर एका कोपऱ्यात, आणि त्यावर फूटभर तरी पाणी राहील इतका खाली. आमच्याकडे पहिल्या वर्षी कुंडी पाण्याच्या पातळीलाच आली होती. ढोकरीने तिच्या काठाचा पाट करून घेतला.

तीन, आणि हे कुणी सांगत नाही: पाण्याची पातळी काठापासून आठ-दहा इंच खाली ठेवा आणि काठावर कोट्याची फरशी चार इंच आत पुढे काढून बसवा. मांजर काठावर पालथं पडून पंजा घालतं, त्याचा हात मग पाण्यापर्यंत पोचत नाही. ढोकरी काठावर उभी राहिली तरी वाकून पोचत नाही. मासा उडी मारून बाहेर पडत नाही. आणि त्या फरशीखाली सबंध हौदाभोवती सावलीचा पट्टा तयार होतो, वरून काही हललं की सगळे मासे क्षणात तिथे शिरतात. खर्च फरशीचाच, तो तसाही होणारच होता.

सरळ भिंतींचा एक तोटा आहे. खारीचं पिल्लू, सरडा, बुलबुलाचं नुकतं उडायला शिकलेलं पोर आत पडलं तर त्याला वर येता येत नाही. एका कोपऱ्यात खडबडीत लाकडी फळी तिरकी टाकून ठेवा, जेमतेम तीन बोटं रुंद. तिच्यावर ढोकरी उभी राहू शकत नाही, खार चढू शकते.

घरात लहान मूल असेल, किंवा येणारजाणारं असेल, तर तीन फूट पाणी म्हणजे जिवाला धोका आहे. माशांच्या आधी मुलाचा विचार करा. लोखंडी चौकटीत बसवलेली, वजन पेलणारी जाळी पहिल्या दिवसापासून हौदावर हवी, आणि तिला कडी-कुलूप हवं. हे जमणार नसेल तर हौद दोन वर्षांनी करा.

पाणी वाहून जायला दोन इंची पीव्हीसीचा पाइप ठरवलेल्या पातळीवर बसवा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी. ही जाळी नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात छोटे मासे गटारात जातात आणि आपण ढोकरीवर आळ घेतो.

लपायला घरं

सहा इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटांचे तुकडे, दोन्ही टोकं उघडी, तळाशी आडवे. किंवा जुने माठ, तोंड मोठं केलेले आणि मागून एक भोक पाडलेले. मागून वाट असलीच पाहिजे. एकाच तोंडाच्या माठात साप शिरला तर मासा कोंडला जातो. पाइपची कापलेली कड कानशीने घासून घ्या, नाहीतर माशाच्या अंगावर चिरा पडतात.

वरून झाकायला कुमुदिनीची पानं सगळ्यात चांगली. अर्ध्या पाण्यावर पानं असली की पुरे. दोन-तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नका, हवा खेळत नाही. जलकुंभी कुणी फुकट दिली तरी आणू नका. आठवड्यात दुप्पट होते, आणि काढून टाकलेली कुठे ना कुठे नाल्यात जाते.

जाळी कोणती, कशी

आता जाळी. इथे मी चूक केलीय, आणि तिची किंमत एका मुक्या जिवाने मोजली, म्हणून जरा लांबवर लिहिते.

पहिल्या जाळ्यासाठी मी बागेची पातळ नायलॉनची जाळी आणली. हिरवी, हलकी, स्वस्त. हौदावर सैल टाकली, कडेला विटा ठेवल्या. जुलैत एका सकाळी विटेजवळ जाळीचा गोळा दिसला, आणि त्यात दिवड. शिरताना डोकं एका घरातून निघालं, धड अडकलं, ती जितकी पिरगळली तितका धागा आवळत गेला. शेजारच्या बेनच्या मुलाने सर्पमित्राला बोलावलं. त्याने नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा तोडला. खवल्यांच्या खाली रुतलेला धागा दिसत नव्हता, बोटाच्या टोकाने चाचपून शोधावा लागत होता. पाऊण तास लागला. ती जिवंत गेली, पण सगळ्याच जात नाहीत. पातळ, सैल नायलॉन जाळी हौदावर कधीही टाकू नका. तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, साप अडकतात, सरडे अडकतात.

काही जण हौदाभोवती तंगूस ताणतात, बगळ्याच्या पायाला लागावी म्हणून. बडोद्यात राहून मला ते करवत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत मांज्याने पंख कापलेले पक्षी आपण सगळे बघतो. दिसत नाही अशी ताणलेली दोरी पक्ष्यासाठी तीच आहे.

मग करायचं काय? अर्धा इंच घराची वेल्डेड जाळी, गॅल्व्हनाइझ केलेली, चौकोनी पाइपच्या किंवा अँगलच्या चौकटीत ताणून बसवलेली. चौकट दोन भागांत करा, एकेक भाग एका माणसाला उचलता यायला हवा. हौद साफ करायला, पानं काढायला रोज उघडावं लागतं, आणि जड जाळी असली की माणूस उघडी टाकून जातो. दोन भागांच्या मध्ये बोटभरही फट नको.

उंची महत्त्वाची. जाळी पाण्यापासून फूटभर तरी वर हवी. पाण्याला टेकलेल्या जाळीवर ढोकरी आरामात उभी राहते आणि घरातून चोच खाली घालते, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वरून सपाट करण्यापेक्षा छपरासारखा थोडा उतार दिला तर पानं घसरतात आणि पक्ष्याला पाय रोवता येत नाही.

एवढा खर्च लगेच जमत नसेल तर निदान उन्हाळ्यात ५० टक्के सावलीचं हिरवं शेडनेट अगाशीवरून (गच्चीवरून) किंवा चार खांबांवर, सहा फुटांवर ताणा. ऊन अडतं, खंड्याला वरून सूर मारता येत नाही, ढोकरीला उतरायला वाट राहत नाही. एप्रिल-मेमध्ये याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण गावोगावचे तलाव आटतात आणि पाणपक्षी जिथे पाणी मिळेल तिथे येतात. मग पावसाळ्यात ढोकऱ्यांची घरटी असतात, पिलांना भरवायचं असतं, तेव्हाही त्या धीट होतात. थंडीत त्यांना बाहेर भरपूर मिळतं. डभोईजवळ वढवाणा आहे, बडोदा संस्थानाने १९१० मध्ये बांधलेला तलाव, २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. हिवाळ्यात तिथे जाऊन ढोकरी, बगळे, पाणकावळे यांना मोकळ्या पाण्यात शिकार करताना जरूर बघा. कोण कसं मासे धरतो हे तिथे एका सकाळी जेवढं कळेल तेवढं परसात वर्षभरात कळणार नाही.

पाणकावळ्याबद्दल एक ओळ: तो बुडी मारून शिकार करतो, खोलीने थांबत नाही. परसातल्या झाकलेल्या छोट्या हौदात सहसा येत नाही. शेतघरावर मोठं उघडं टाकं असेल तर मात्र जाळीशिवाय इलाज नाही.

संक्रांतीनंतर एक काम विसरू नका. जाळीवर, शेडनेटवर, आजूबाजूच्या फांद्यांवर अडकलेला मांजा सगळा काढा. वाशी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन निघते. जाळून टाकू नका, बारीक तुकडे करून बंद पिशवीत घालून टाका.

दिवड आणि बाकीचे साप

दिवड म्हणजे अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके असलेला, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा असलेला पाण्यातला साप. विषारी नाही. पण चिडली की मान चपटी करते, लोक नाग समजून काठी घेऊन धावतात. चावते जोरात. मासे आणि बेडूक हेच तिचं खाणं, तेव्हा ती तुमच्या हौदाकडे येणारच.

तिला अडवायचं तर जाळीची चौकट आणि काठ यांच्यात फट ठेवू नका. रबराची पट्टी लावा. अर्धा इंचाच्या घरातून मोठी दिवड जात नाही, अगदी पिल्लू जाऊ शकेल. ते मोठ्या माशाला काही करत नाही. हौदाशेजारी विटांचा ढीग, जुनी लाकडं, कुंड्यांची चळत ठेवू नका, तिथेच ती दिवसा लपते. हौदावर रात्रभर दिवा जळत ठेवू नका. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक, बेडकांना साप. रक्षणासाठी म्हणून लावलेला दिवा असा उलटा पडतो.

साप दिसला तर ओळखीच्या फंदात पडू नका. बडोद्यात नाग, मण्यार, घोणस सगळे आहेत. लांब राहा, नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वन खात्याला कळवा. त्यांचा नंबर आजच शोधून फोनमध्ये घालून ठेवा, साप समोर असताना शोधायला जमत नाही.

घोरपड पोहण्यात पटाईत असते, पण वस्तीत मासे खायला ती क्वचितच येते. आली तर कठडा ओलांडून स्वतःहून निघून जाऊ द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड आणि मगर दोन्ही पहिल्या परिशिष्टात आहेत. पकडणं, मारणं, विष टाकणं, पिंजरा लावणं हा गुन्हा आहे. आणि पाण्यात घातलेलं कुठलंही विष आधी तुमचे मासेच मारतं.

याच कायद्याचा धागा पकडून कासवाबद्दलही सांगते. कुणी हौसेने देशी कासव आणून दिलं तर घेऊ नका. पाळणं बेकायदा आहे, आणि मोठं झालं की तेच तुमचे मासे खातं.

मगर: हे फक्त आपल्या गावाचं

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे खोटं वाटतं, पण विश्वामित्री नदीत शेकडो मगरी आहेत आणि आपण काळ्या घोड्याच्या पुलावरून त्या बघतच मोठे झालो. नदीच्या, भूखी कांस किंवा रूपारेल कांस या नाल्यांच्या आसपास राहत असाल तर हा भाग जपून वाचा.

मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालते, पिल्लं पाऊस सुरू व्हायच्या सुमारास बाहेर येतात, जेमतेम फूटभर लांब. ती किडे, बेडकाची पिल्लं, छोटे मासे खातात. पावसात कांसाच्या पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात, कधी मोठ्याही येतात. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला तेव्हा, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा, लोकांच्या अंगणातून मगरी काढल्या गेल्या.

म्हणून मे संपायच्या आत तीन कामं करा. मागच्या फाटकाच्या खालची फट लोखंडी पट्टीने बंद करा. अंगणातल्या गटाराच्या तोंडाला सळ्यांची जाळी बसवा, सळ्यांत दीड इंचाहून जास्त अंतर नको. आणि हौदाचा काठ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आहे ना ते बघा. जमिनीबरोबरचा हौद पुराच्या पाण्यात पहिल्या तासात नाहीसा होतो, मासे वाहून जातात आणि काय आत आलंय ते दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर हौदात हात घालू नका. अंधार पडल्यावर लांबून, ओट्यावरून विजेरी मारा. मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे नारिंगी चमकतात. पिल्लू असलं तरी उचलायला जाऊ नका, कुत्रा बांधून ठेवा, मुलांना आत घ्या, वन खात्याला फोन करा. मी सलग दोन रात्री विजेरी मारते, तिसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या जाळ्याने गाळ ढवळते, मगच साफसफाईला हात लावते. गढूळ झालेलं पाणी एकदम सगळं बदलू नका. निम्मं काढा, निम्मं भरा, दोन दिवसांनी पुन्हा.

बाजारातल्या बाकीच्या वस्तू

प्लॅस्टिकचा बगळा, चमकत्या सीडी, घुबडाचा पुतळा, लाल-चंदेरी पट्ट्या. चार दिवस चालतात, मग ढोकरी त्यांच्यावरच बसते. प्लॅस्टिकचा बगळा तर घेऊच नका. बगळे बगळ्याला पाहून उतरतात, इथे खायला आहे असं त्यांना वाटतं. हालचाल दिसली की पाणी उडवणारा फवारा खरोखर उपयोगी आहे, पण त्याला नळाला कायम दाब हवा, आणि आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. टाकीवरून जोडणी होत असेल तर जरूर लावा. कुत्रा पाळलेला असेल तर दिवसा मांजर आणि पक्षी दोघांना धाक राहतो, रात्री नाही.

मासे निवडणं आणि सोडणं

नव्या सिमेंटच्या हौदात लगेच मासे सोडू नका. चुना पाण्यात उतरतो. भरा, आठवडाभर ठेवा, पूर्ण रिकामा करा, असं तीनदा. चौथ्या पाण्यात लपायची घरं आणि कुमुदिनी मांडा, जाळी बसवा, आणि दोन आठवडे हौद बिनमाशांचा राहू द्या. डास होऊ नयेत म्हणून तेवढ्यात आठ-दहा गप्पी सोडल्या तर चालतील. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला ते दोन दिवस उघडं ठेवावं लागतं, हे माशांच्या दुकानात सांगतीलच.

पहिले मासे चार इंचांहून मोठे घ्या. खंड्याचा प्रश्न तिथेच मिटतो. फुगीर पोटाचे, झुबकेदार शेपटीचे गोल्डफिश दिसायला गोड पण पळायला मंद. ते काचेच्या टाकीत ठेवा. हौदात लांबट अंगाचा कॉमेट, चपळ असतो. सगळे पांढरे-केशरी घेण्यापेक्षा निम्मे गडद रंगाचे घेतले तर वरून इतके डोळ्यांत भरत नाहीत. थाई मागूर कुणी देऊ केला तर हात लावू नका, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो हौदातले बाकीचे मासे खाऊन टाकतो. आमच्या एवढ्या हौदात दहा कॉमेट पुरेत. जास्त झालेले मासे नदीत किंवा सुरसागर तलावात सोडायचे नाहीत, ओळखीत देऊन टाका.

खाणं पहाटे टाकू नका. सगळे तसंच करतात, देवपूजेच्या आधी. पण माशांना त्या वेळी वर यायची सवय लागली की नेमकी ढोकरीची वेळ आणि माशांची वेळ एक होते. साडेनऊ-दहाला टाका, रोज त्याच जागी, फरशीच्या सावलीत, आणि पाच मिनिटं तिथेच उभं राहा. खाताना सगळे एकत्र येतात, तेव्हाच मोजून होतात. बुडणारे दाणे मिळाले तर तेच घ्या.

सोडायचा दिवस संध्याकाळचा ठेवा, ऊन उतरल्यावर. पिशवी बंदच हौदाच्या पाण्यात वीस मिनिटं तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर हौदाचं पाणी आत घाला, चार-पाच वेळा. नंतर मासे जाळ्याने उचलून हौदात सोडा, दुकानातलं पाणी बाहेर ओता. ते सरळ तळाशी जातील आणि दिसेनासे होतील. घाबरू नका, पाइपमध्ये असतील. जाळीच्या दोन्ही चौकटी लावा, कडी घाला, आणि दुसऱ्या दिवशी दहाला पहिलं खाणं टाकून मोजा. दहापैकी सात वर आले तरी पुष्कळ, बाकीचे तीन दोन-तीन दिवस घेतात. आमच्यातला एक चौथ्या दिवशी माठाच्या मागच्या भोकातून तोंड काढून बघत होता.